चौकटीतली माया

जून १९९५, रविवार सकाळ. बारामती, आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातलं मागच्या खिडकीजवळचं टेबल.

हजर : तात्या, वडगाव निंबाळकरचे निवृत्त मराठी शिक्षक. बुवा, माळेगावला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आणि गाळप बंद असलं की कीर्तनकार. माझी धाकटी जाऊ, कळसची अंगणवाडी सेविका. मी, ग्रंथपाल.

गैरहजर : वीज.

काम : एका पेपरचं गाईड तयार करणे.

त्या दिवशीच्या कागदावर एवढंच आहे. बैठक कसलीही असो, घरच्या चौघांनी दिवाळीच्या फराळाचं ठरवायचं असलं तरी, मी वर तारीख आणि हजेरी लिहिते. पुढे कोण काय म्हणालं यावर वाद होतोच. निदान कोण होतं यावर होऊ नये.

हे सगळं धाकटीसाठी चाललं होतं. ती बाहेरून बी.ए.ला बसली होती. लग्नाआधी बारावी झालेली, मग दोन मुलं, मग अंगणवाडी, आणि मधेच एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, "आक्का, मला फारम भरून द्या." एकेक करत सगळे पेपर सुटले. एक तेवढा राहिला. त्याचं छापील नाव लांबलचक होतं. आम्ही त्याला 'अभिजात' म्हणायचो. त्यात तीन विभाग : पहिला धर्मविचार, दुसरा एक जुनं परदेशी नाटक, मराठी अनुवादातून, आणि तिसरा भारतीय तत्त्वज्ञान. त्यात ती दोनदा नापास झाली होती.

तिला मुख्यसेविकेच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. मुख्यसेविका गावोगावच्या अंगणवाड्या तपासते आणि तिला पगार असतो. सेविकेला मानधन असतं. धाकटी म्हणायची, "मानधनात मान हाय आक्का, धन न्हाय." त्या जागेला पदवी लागायची आणि वयाची अट होती. येत्या ऑक्टोबरात पेपर सुटला तर ती अटीत बसत होती. त्यानंतर सुटला तर पदवी मिळाली असती, जागा नाही. म्हणून आम्ही चौघं रविवारी तिथे बसलो होतो.

या पेपरला बाजारात गाईड नव्हतं. ज्या पेपरला ढिगाने मुलं बसतात त्यांची गाईडं पुण्याहून गठ्ठ्यांनी यायची. 'अभिजात' घेणारे बारामती आणि इंदापूर मिळून मूठभर. त्यांच्यासाठी कोण छापणार?

गाईडाबद्दल चांगलं-वाईट मत बनवायला मला कधी वेळ मिळाला नाही. ग्रंथालयात गाईड ठेवायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. प्राध्यापक मंडळी गाईडाचं नाव काढलं की तोंड वाकडं करायची, आणि त्यातलेच एक-दोघे तास संपल्यावर येऊन हळू आवाजात विचारायचे, जुनं एखादं पडलंय का. मूळ ग्रंथ वरच्या कपाटात. दर उन्हाळ्यात पुस्तकमोजणीला मी ते काढायचे, धूळ झटकायचे, आकडा जुळवायचे आणि होते तसे परत ठेवायचे. त्यांच्या मागच्या तारखेच्या कागदावर क्वचित शिक्का दिसायचा. मुलं टेबलावर विसरून गेलेली गाईडं खालच्या खणात असायची. त्यांच्या कडा काळ्या, उत्तरांना फुल्या, मधली पानं फाडून नेलेली. ती पानं कुठे गेली हे परीक्षेच्या दिवसांत विचारायचं नसतं.

अभ्यासकांनी मूळ ग्रंथ वाचावा हे मलाही मान्य आहे. पण सकाळी जनावरांचं करून, पोरांना सुकडी वाटून, गरोदर बायांची नोंद घेऊन, संध्याकाळी शेजारणींची ब्लाउजं शिवून मग जी बाई पुस्तक उघडते तिला हे सांगणाऱ्याने आधी आठवडाभर तिच्या घरी राहावं. मी सांगितलं नाही. मी यादी केली.

यादी अशी झाली. नाटक तात्यांकडे. धर्मविचार आणि तत्त्वज्ञान बुवांकडे. स्टेन्सिलवर टाईप करणं, सायक्लोस्टाईल यंत्रावर प्रती काढणं, शिवणं माझ्याकडे. धाकटीने फक्त ऐकायचं. तिला समजलं तर ते उत्तर ठेवायचं, नाही समजलं तर पुन्हा लिहायचं. हा नियम मीच केला होता आणि त्याने आमचे रविवार वाढत गेले.

त्या वर्षी मी फार थकलेली होते. आजार काही नव्हता. मोजणी चालू होती, घरी मुलाचं बारावीचं वर्ष होतं, यजमानांची बदली होऊन ते फक्त शनिवारी यायचे आणि रविवारी मी ग्रंथालयात असायचे. शनिवारी ते विचारायचे, "अजून किती प्रश्न राहिले?" मी सांगायचे. मग आम्ही जेवायचो.

बुवांची उत्तरं कीर्तनासारखी होती. एक वाक्य सुरू झालं की ते खिडकीबाहेर जाऊन, कॅनॉलपर्यंत फिरून परत यायचं. तात्या डोळे मिटून ऐकायचे.

"बुवा," एकदा ते म्हणाले, "मृदंग राहिला."

"म्हणजे?"

"एवढं लांब चाललंय, मधी मृदंग तरी वाजू द्या."

"तात्या, निरूपणाला जागा लागती."

"दहा गुणांचं उत्तर हाय. काट्यावर बैलगाडी किती येळ उभी ठेवता? तेवढंच बोला. मागं रांग लागलीय."

बुवा हसले आणि निम्मं कापलं. तात्यांची अडचण उलटी होती. पस्तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे त्यांना उत्तर फक्त मुद्द्यांत सुचायचं. नाटकातली आई, जिचा मुलगा रणात गेलेला असतो आणि जी शेवटच्या अंकापर्यंत त्याच्यासाठी दार उघडं ठेवते, तिचं त्यांनी चार ओळींत केलं होतं : एक, सहनशील. दोन, मानी. तीन, पुत्रवत्सल. चार, शोकात्म.

धाकटी म्हणाली, "तात्या, ही बाई हाय का गुळाची ढेप? असं तुकडं का पाडलंत?"

"पोरी, तपासणाऱ्याला मुद्दे दिसावे लागतात. त्याच्या एका हातात लाल पेन असतं आणि दुसऱ्या हातात चहा."

एका रविवारी आम्ही तत्त्वज्ञानातल्या मोठ्या प्रश्नापाशी आलो. 'मायेचे स्वरूप स्पष्ट करा.' बुवा वाचायला लागणार तेवढ्यात मला सहज सुचलं म्हणून मी धाकटीला विचारलं, "मागच्या वेळी यातला कुठला प्रश्न आला होता?"

"ह्योच. दोन्ही बारीला माया आली व्हती."

"मग तू काय केलंस?"

"लिवलं की. मला येत व्हतं. पुरवणी घेतली."

"काय लिहिलंस?"

तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि तोंडपाठ म्हणावं तसं सांगायला लागली. "आई लेकराला जीव लावती ती माया. गाय वासराला चाटती ती माया. मायेला मोल न्हाय. आपल्या अंगणवाडीत एक पोरगं हाय, त्येची आई ऊसतोडीला जाती. ते रोज माझा पदर धरून झोपतं. त्येचंबी लिवलं."

तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बुवांनी उपरणं तोंडाला लावलं, पण खांदे हलत होते.

"हसताय का बुवा? माया म्हंजी मायाच न्हवं?"

"न्हाय बाई. हितली माया येगळी. हितली माया म्हणजे भास." बुवा सावरून बसले. "अंधारात दोरी पडलेली असती. आपल्याला साप वाटतो. आपण घाबरतो, पळतो. उजेड आणला की साप न्हाय, दोरी. तसं हे जग."

"दोरी तरी खरी का?"

"दोरी खरी."

"मग साप कुठनं आला?"

"तोच तर प्रश्न हाय."

"मग तुमी उत्तरात प्रश्न का लिवलाय?"

तात्या म्हणाले, "बुवा, हिला पास करून टाका. हिच्या पुढं माझ्याच्यानं बसवत नाही."

आम्ही हसलो, पण मला त्या हसण्यात कसंतरी झालं. दोन वर्षं ही बाई कळसहून इंदापूरच्या केंद्रावर जाऊन, पुरवण्या घेऊन, भलत्याच शब्दाचं उत्तर लिहून आली होती, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. गुणपत्रिकेवर आकडा असतो. कशामुळे, ते नसतं.

धाकटी मात्र शब्दाच्या मागे लागली. "गावात एकानं बक्कळ माया जमवली म्हणत्यात, ती कंची?"

"ती पैशाची," बुवा म्हणाले.

"आन् बिलाउजला सोडत्यात ती?"

बुवांना ती माहीत नव्हती. ब्लाउज शिवताना आत, दिसणार नाही अशी कापडाची जादा पट्टी ठेवतात, तिला माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवून तेवढं वाढवता येतं. धाकटीने आपल्या बाहीची कड उलटून त्यांना ती दाखवली. बुवांनी वाकून, भक्तिभावाने पाहिली.

"म्हंजी एका शब्दाला चार घरं," धाकटी म्हणाली. "आन् परीक्षेत मी चुकीच्या दारात जाती." मग ती माझ्याकडे वळली. "आक्का, मला एक चौकट आखून द्या. माझा हात आपोआप आईकडं जातोय. चौकट असली की डोळ्यापुढं ऱ्हाईल."

मजकूर आम्ही चौघांनी मिळून केला. 'लक्षात ठेवा : येथे माया म्हणजे प्रेम नव्हे, पैसा नव्हे, कापडाची माया नव्हे. माया म्हणजे भास. आईचे प्रेम लिहू नये.' शेवटचं वाक्य तात्यांनी घालायला लावलं. म्हणाले, विद्यार्थ्याला नकार स्पष्ट द्यावा लागतो.

टाईपरायटरवर चौकट येत नाही. स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर धरून, पट्टी लावून, टोकदार लेखणीने ती कोरावी लागते. स्टेन्सिलचा मेणकागद नाजूक असतो. माझा हात जरा जास्त दाबला गेला आणि रेघेतून शाई भरपूर उतरली. प्रत्येक प्रतीवर ती चौकट जाड, काळी, लग्नपत्रिकेवरच्या वेलबुट्टीइतकी ठसठशीत उमटली. बाकीचा मजकूर फिका. आसपासचं कुठलंही पान उघडलं तरी पलीकडून ती चौकट दिसायची. धाकटीला ते फार आवडलं.

जुलैअखेर गाईड तयार झालं. जाड दोऱ्याने शिवलेलं, खाकी पुठ्ठ्याचं, वर नाव नाही. बारामती आणि इंदापूरकडच्या बाहेरून बसणाऱ्या ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना प्रती दिल्या. आभाराच्या एकदोन चिठ्ठ्या आल्या. एकाने विचारलं होतं, फक्त चौकटी-चौकटींचं एक छोटं गाईड निघेल का.

श्रावणात मी कळसला गेले. अंगणवाडी म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक खोली. आत शिरले तर धाकटी मोठ्या पातेल्यात सुकडी ढवळत होती आणि पोरं मांडी घालून, पुढेमागे डुलत, एका सुरात म्हणत होती, "माया म्हंजी प्रेम नव्हं, पैसा नव्हं, कापडाची माया नव्हं."

मी दारातच थांबले.

"मी ढवळताना म्हणती," धाकटी म्हणाली, "त्यांनी उचललं. आता ऐकत न्हाईत. परवा तपासणीला बाई आल्या व्हत्या. म्हणल्या, मुलांनो, एखादं बडबडगीत म्हणा बघू. तर ह्यांनी हेच सुरू केलं. बाई म्हणल्या, हे कुठलं? मी म्हणलं, नवीन आलंय."

"आणि त्या?"

"लिहून घेतलं त्यांनी."

तिथेच बाजूला बसून मी तिची उजळणी घेतली. धर्मविचार बरा होता. नाटकाच्या मुद्द्यांत ती अडखळत होती. माया खडानखडा पाठ. दोरी, साप, उजेड, अज्ञान, ज्ञान, सगळं जागच्या जागी. मी विचारलं, "पाठ झालंय. समजलंय का?"

तिने पळी पातेल्याच्या काठावर आपटली. "समजायचं नंतर बघू आक्का. आधी पास हुद्या."

मला ते पटलं. माझ्याही कामांत समजून घ्यायच्या गोष्टी नंतरसाठीच असतात.

परीक्षेच्या दिवशी मी रजा काढून इंदापूरला गेले. धाकटी नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या दिरांच्या, मोटरसायकलवरून आली, मांडीवर पिशवी, पिशवीत गाईड आणि भाकरी. ऑक्टोबरचं ऊन होतं. ती आत गेल्यावर दीर आणि मी केंद्रासमोरच्या रसवंतीवर बाकावर बसलो. घुंगरं वाजत होती, चरकातून ऊस जात होता. दीर फारसं बोलत नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वहिनी, ह्या बारीला सुटला न्हाय तर बास करायला सांगा तिला. तुमचं ऐकती. रातचं डोळं चोळत बसती."

मी म्हटलं, "सुटेल."

"म्या कुठं न्हाय म्हणतोय?"

पेपर सुटल्यावर ती जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून आली. चेहरा उजळलेला. तसा तिचा चेहरा मी त्याआधी तिच्या लग्नातही पाहिला नव्हता, लग्नात ती रडत होती.

"आली," ती म्हणाली. "माया आली."

"सगळं लिहिलंस?"

"चौकट डोळ्यापुढं व्हती. पुरवणी घेतली. दोरी लिवली, साप लिवला, उजेड आणला. आन् आईचं प्रेम अजिबात न्हाय लिवलं. उलट लिवलं."

"उलट म्हणजे?"

"त्येंनी मुद्दाम आई घातली व्हती प्रश्नात, फसवायला. म्या फसली न्हाय."

मी प्रश्नपत्रिका मागितली. तिने घडी उलगडून दिली. मला आधी तिसऱ्या विभागात बघायची सवय, तिथे माया नव्हती. तिथे वेगळेच दोन प्रश्न होते. माया दुसऱ्या विभागात होती. 'प्रस्तुत नाटकातील आईच्या मायेचे स्वरूप स्पष्ट करा.'

मी ते दोनदा वाचलं. हा नाटकाचा प्रश्न होता. त्यांना ती दार उघडं ठेवणारी आई हवी होती. सहनशील, मानी, पुत्रवत्सल, शोकात्म. आणि त्यांना माया हवी होती, साधी, गाय वासराला चाटते ती. धाकटीने दोन वर्षं पुरवण्या घेऊन जे लिहिलं होतं, तेच यंदा विचारलं होतं.

"काय झालं आक्का?"

रसवाल्याने दोन पेले पुढे ठेवले. मी म्हटलं, "आधी रस घे."

"आधी सांगा."

मी सांगितलं. मी अशी कामं लांबवत नाही. ती ऐकत राहिली. मग प्रश्नपत्रिका माझ्या हातातून घेऊन तिने तो प्रश्न बोटाने वाचला, पोरांना अक्षरं दाखवते तसा, एकेक शब्द. 'आईच्या' या शब्दावर तिचं बोट थांबलं.

"म्या लिवलंय," ती सावकाश म्हणाली, "का ह्या बाईला पोरगं हाय असं वाटतंय, पण ते वाटणं हाय. दोरीवरच्या सापागत. उजेड आला का तिला कळंल."

दीर रसाचे पैसे द्यायला उठले. ती रस प्यायली नाही. पेला तसाच बाकावर ठेवला आणि त्यावर माश्या आल्या.

"बाकीच्या विभागांत भरून निघेल," मी म्हटलं. मला आकडेमोड येते, आणि निघणार नाही हे मला तिथेच दिसत होतं.

निकाल थंडीत लागला. थोडक्यात गेला. इंदापूरच्या केंद्रावर आमचं गाईड वाचलेल्या आणखी काहींनी आईला भास ठरवलं होतं, पण त्यांचे इतर विभाग चांगले होते, ते सुटले. तात्यांना मी हे ग्रंथालयातच सांगितलं. ते मासिकं चाळत होते.

"शेवटचं वाक्य माझं होतं," ते म्हणाले.

"चौकट तिने मागितली होती, तात्या. आणि प्रश्न काढणाऱ्याने शब्द बदलला असता तर काहीच झालं नसतं."

"ते सगळं खरं." त्यांनी मासिक मिटलं. "पण तपासणाऱ्यानं ते वाचलं असेल ना. पोराची वाट बघणाऱ्या आईबद्दल कुणीतरी असं लिहितंय. चहा थंड झाला असेल त्याचा."

बुवा गाळपाच्या गडबडीत होते. रस्त्यात भेटले तेव्हा उसाच्या गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मला वाटलं व्हतं मी सोपं करून सांगितलं." मग कुणीतरी काट्यावरून हाक मारली आणि ते गेले. त्यानंतर त्यांच्या कीर्तनात दोरी-सापाचा दृष्टांत मी ऐकला नाही. कदाचित मी फार कीर्तनांना गेले नाही.

मुख्यसेविकेच्या जागेचा अर्ज धाकटीने भरला नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने अंगणवाडी उघडली, पोरांची वजनं केली. तिला बास करायला मला सांगावं लागलं नाही. पोरं अजून तेच म्हणत होती. तिने त्यांना थांबवलं नाही. पुढे ती पोरं शाळेत गेली, नवीन आली, मग ते आपोआप बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात ती बारामतीला माझ्याकडे आली, दवाखान्याच्या कामाने. दुपार होती. माझी दोन ब्लाउजं घट्ट झाली होती. तिने ती बघितली आणि विचारण्याआधीच पिशवीतून कात्री काढली.

"माया सोडलीय हितं," शिवण चाचपत ती म्हणाली. "म्याच शिवली व्हती न्हवं. वाढतंय."

मी जमिनीवर मोजणीचे कागद पसरून बसले होते. ती एकेक टाका उसवत होती. खोलीत कात्रीचा आवाज आणि पंख्याचा.

"आक्का."

"हं."

"आता परीक्षा न्हाय."

"नाही."

"आता सांगा मला."

"काय?"

"ती माया. बुवांची." तिने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "पाठ हाय मला. अजून सगळं पाठ हाय. पण म्या त्या बाईला म्हणलं ना, तुला पोरगं हाय हे वाटणं हाय म्हणून. ते मनातनं जात न्हाय. ते खरं लिवलं का खोटं लिवलं, एवढंच कळू द्या. मार्क नकोत."

मी कागद बाजूला केले. मी ग्रंथपाल आहे. तो ग्रंथ कुठल्या कपाटात, कुठल्या खणात, डावीकडून कितवा, हे मी झोपेतही सांगितलं असतं. त्याचं बाइंडिंग मी दोनदा करून घेतलं होतं. गाईडाचं ते पान मी स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं, चौकटीसकट. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडात दोरी आली, साप आला.

"ते पाठ हाय," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "मोजणी एवढी संपू दे. मग मी मूळ पुस्तक काढते. नीट वाचते आणि कळसला येऊन सांगते."

"या," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाजूची शिवण घेतली.

ती गेल्यावर मी यादीत लिहिलं. मोजणी संपली. मग मुलाच्या प्रवेशाची धावपळ लागली, यजमान बदलीवरून परत आले, कॉलेजची तपासणी आली, वरच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून सगळी पुस्तकं खाली काढावी लागली. तेव्हा तो ग्रंथ माझ्या हातात आला. मी तो फडक्याने पुसला, उन्हात ठेवला, संध्याकाळी आत घेतला. ब्लाउजं नीट बसतात. दर सणाला धाकटी भेटते, पोरांचं सांगते, पावसाचं सांगते. माझ्याकडे बघते आणि विचारत नाही.

वर्षाअखेरीला मी जुनी यादी टाकून नवी करते आणि जी कामं राहिली ती उतरवून घेते. यंदाच्या यादीत वर गॅसची नळी, मग विम्याचा हप्ता, मग ग्रंथालयाच्या खिडकीची काच. ती तिन्ही झाली, त्यांवर रेघ आहे. खाली एक ओळ आहे, चार वर्षं याच शब्दांत उतरवलेली :

धाकटीला माया सांगणे. आधी स्वतः वाचणे.